रस्त्यावरील सभा आणि कायदा



शांततेने व शस्त्रांविना एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने नागरिकांना दिला आहे. तथापि रस्ता प्रथमतः रहदारीसाठी असतो. रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णाचाही त्यावर तितकाच हक्क आहे. म्हणूनच १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने, म्हणजेच आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाने, सभा व मिरवणुकांच्या नियमनाचे अधिकार पोलीस आयुक्त व जिल्हा दंडाधिकारी यांना दिले.

या अधिकारासही मर्यादा आहे. गुजरातमध्ये लागू असलेल्या याच अधिनियमाखाली अहमदाबादेत रस्त्यावरील सभेस परवानगी नाकारण्यात आली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सभेचे नियमन करता येईल; परंतु मर्जीनुसार परवानगी नाकारू देणारा नियम घटनाबाह्य होय, असा निर्णय न्यायालयाने १९७२ मध्ये दिला.

संयोजकांनी स्थळ, वेळ, मार्ग व अपेक्षित उपस्थिती नमूद करून पोलिसांकडे वेळीच अर्ज करावा. रस्त्यावरील मंडपासाठी नगरपालिकेची वा महानगरपालिकेची, तर ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी घ्यावी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, शासनाने सवलत दिलेले मोजके दिवस वगळता, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही.

वक्त्याची वाणी आणि वाटसरूची वाट, दोन्ही मोकळ्या राहाव्यात, हेच या नियमांचे प्रयोजन होय.