उतरायची परवानगी आणि सह्याद्री

(आसनगाव येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मुंबईच्या शिवाजी महाराज टर्मिनसपासून आसनगाव रेल्वेने पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास. रोज लोकलने जाणाऱ्यांना ते अंतर वेगळं सांगायला नको. मुंबईपासून जवळपास तेवढ्याच अंतरावर, पण घाटमाथ्यावर जुन्नरच्या बाजूला, जुलै १९६२च्या पहिल्या आठवड्यात मध्यरात्रीच्या सुमारास एक जेट विमान डोंगरावर आदळलं. आलितालिया या इटालियन कंपनीचं ते डीसी-८. सिडनीहून निघालं होतं, डार्विन, सिंगापूर, बँकॉक करत मुंबईला उतरायचं होतं आणि पुढे रोमला जायचं होतं. दवंड्याच्या डोंगरावर सुमारे ३,६०० फुटांवर ते आदळलं. विमानातले ९४ जण गेले, एकही वाचला नाही.

मुरबाडहून माळशेज चढून जाणाऱ्याला हा मुलूख परका नाही. तरी आपल्याकडे फार थोड्यांना ही घटना माहीत असते.

आता थोडा हिशेब करू. प्रवासी विमान धावपट्टीकडे येताना साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येतं. म्हणजे एका सागरी मैलामागे, आपल्या भाषेत पावणेदोन किलोमीटरच्या थोडं पुढे गेलं की, तीनशे फूट. या मापाने मुंबईपासून ८४ किलोमीटरवर विमान तेरा हजार फुटांच्या वर हवं. ३,६०० फूट ही उंची शोभते ती धावपट्टी बावीस किलोमीटरवर असताना. म्हणजे कुठे, तर मुंब्रा-डोंबिवलीच्या आसपास. खाली जुन्नरचे डोंगर आणि उंची मुंब्र्याची. मधल्या साठ किलोमीटरना जेट विमानाला सात-आठ मिनिटं लागतात. रात्र होती, पावसाळा होता. खाली काय आहे ते खिडकीतून दिसण्याची आशा करू नये.

चौकशीचा निष्कर्ष असा निघाला: आपण मुंबईच्या प्रत्यक्षापेक्षा जास्त जवळ आहोत अशी वैमानिकाची समजूत झाली आणि सरळ धावपट्टीवर उतरायच्या बेताने तो वेळेआधी खाली आला. आपण नेमके कुठे आहोत हे तपासायची साधनं हाताशी होती, ती वापरली नाहीत. ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची मोडली. आणि वाटेवरचा डोंगराळ प्रदेश त्याच्या परिचयाचा नव्हता. माझ्या मते यातलं शेवटचं कारण सगळ्यात बोलकं आहे. पूर्वेकडून मुंबईला येणाऱ्याला दख्खनचं पठार लागतं, मग घाटमाथ्याच्या रांगा, आणि मग एकाएकी कडा तुटतो आणि खाली कोकण. घाट ओलांडला असं कुणाला दहा मिनिटं आधी वाटलं, की पुढचं सगळं चुकलंच.

आणि हा एकटा अपघात नाही. १२ जुलै १९४९ रोजी केएलएमचं कॉन्स्टेलेशन घाटकोपरच्या टेकडीवर आदळून ४५ जण दगावले. इंडोनेशियाहून परतणारे तेरा अमेरिकन पत्रकार त्यात होते. ४ ऑगस्ट १९७९ला पुण्याहून मुंबईला येणारं इंडियन एअरलाइन्सचं अॅव्हरो पनवेलजवळच्या डोंगरात गेलं, त्यातही ४५ माणसं होती. जुलै, जुलै आणि ऑगस्ट. डोंगर वर्षभर तिथेच असतात, पण पावसाळ्यात ढग त्यांच्यावर बसतात. आपली माहुली जेमतेम २,८०० फुटांची, तरी आषाढात चार-चार दिवस दिसत नाही.

इथे कुणीही विचारेल: मुंबईचा कंट्रोलर काय करत होता? त्याच्याशी बोलणं चालू असताना विमान डोंगरात जातंच कसं?

उत्तर ऐकून सामान्य माणूस दचकतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या नियमांप्रमाणे हवाई नियंत्रणाचं काम आहे विमानांची एकमेकांशी टक्कर होऊ न देणं आणि वाहतूक सुरळीत ठेवणं. जमिनीशी टक्कर टाळणं त्या उद्दिष्टांत धरलेलं नाही. ती जबाबदारी वैमानिकाची. अपवाद मुख्यतः एक: नियंत्रक स्वतः रडारवर पाहून 'अमुक दिशेला वळ' असं सांगत असेल किंवा नेहमीचा मार्ग सोडून सरळ यायला सांगत असेल, तर खालच्या डोंगराचा विचार त्यानेच करायचा. कसारा घाटातल्या सिग्नलसारखंच हे. हिरवा दिवा सांगतो की पुढे दुसरी गाडी नाही. दरड कोसळलेली नाही असं तो सांगत नाही.

या फटीत किती माणसं जातात ते अमेरिकेत १ डिसेंबर १९७४ला दिसलं. टीडब्ल्यूएचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत होतं. धावपट्टी अजून चाळीसहून जास्त सागरी मैल दूर असताना नियंत्रकाने 'अप्रोचसाठी परवानगी' दिली. वैमानिकांनी घेतलेला अर्थ असा, की आता १,८०० फुटांवर यायला हरकत नाही, नाहीतर परवानगी दिलीच नसती. नियंत्रकाच्या मनातला अर्थ असा, की नकाशावरच्या उंची सांभाळत या. विमान माउंट वेदर नावाच्या डोंगरावर आदळलं. ९२ मृत्यू. चौकशी मंडळाच्या पाच सदस्यांत दोष कुणाचा यावर एकमत झालं नाही, तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला. तो मला जास्त प्रामाणिक वाटतो.

आणखी एक गोष्ट नंतर उघड झाली. सहाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून थोडक्यात बचावलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. बाकीच्यांना कळवण्याची सोयच नव्हती! म्हणून १९७६मध्ये नासाकडे एक व्यवस्था सुरू झाली: वैमानिकाने, नियंत्रकाने आपली चूक गोपनीयपणे कळवायची, शिक्षेची भीती न बाळगता.

यंत्रंही आली. डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने जमीन जवळ येत असल्याचा इशारा देणारं उपकरण घडवलं आणि डलेसच्या अपघातानंतर अमेरिकेने ते मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचं केलं. पण ते यंत्र रेडिओ लहरींनी सरळ खाली मोजायचं. समोर उभा कडा असेल तर त्याचा इशारा फार उशिरा यायचा, आणि आपल्या सह्याद्रीत तर कडेच कडे. १९९०च्या दशकात सुधारित यंत्र आलं, त्याच्या पोटात जगाच्या भूभागाचा नकाशाच असतो. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथले लष्करी नकाशे विकत घेऊन बेटमनच्या मंडळींनी तो भरला. आता डोंगर समोर असतानाच कॉकपिटमध्ये आवाज येतो, 'टेरेन, टेरेन, पुल अप!' तो आवाज आला की शंका काढत बसायचं नाही, नाक वर करायचं.

नियंत्रकाच्या पडद्यावरही विमान किमान उंचीखाली गेलं की इशारा मिळण्याची सोय झाली. मात्र १९९७च्या ऑगस्टमध्ये ग्वाम बेटावर कोरियन एअरचं विमान टेकडीवर आदळून २२८ माणसं गेली, तेव्हा तिथली ती यंत्रणा खोट्या इशाऱ्यांचा त्रास टाळण्यासाठी जवळजवळ निकामी करून ठेवलेली होती. कटकट बंद करण्याची ही खोड फक्त ग्वामची आहे असं समजू नका.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधा आकडा आहे: किमान सुरक्षित उंची. विमानतळाभोवतीच्या पंचवीस सागरी मैलांच्या वर्तुळातला सर्वांत उंच अडथळा घ्यायचा आणि त्याच्यावर निदान हजार फूट ठेवायचे, डोंगराळ मुलखात त्याहून जास्त. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापता आली. माथेरान, मलंगगड कुणी कापणार नाही. त्यांच्यावरचे ते फूट नकाशावर छापलेलेच राहतील आणि नियंत्रकाची परवानगी मिळाली म्हणून ते कमी होत नाहीत.

शेवटी इथल्या विद्यार्थ्यांना एक सांगतो. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी केलेल्याला किंवा अभियांत्रिकीच्या पदवीधराला भारतीय विमानतळ प्राधिकरणाची हवाई नियंत्रकाची परीक्षा देता येते. निवड झाली की प्राधिकरणच प्रशिक्षण देतं, त्याचं जुनं केंद्र प्रयागराजला आहे. शहापूर-मुरबाडच्या मुलांनी ती परीक्षा द्यावी. घाटमाथा कुठे संपतो हे माहीत असलेली माणसं त्या खुर्चीत हवीत.