हलकं धनुष्य, लांब पल्ला



ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी सुरू झाली की कोरियाचं नाव निघतंच. १९८८च्या सोलपासून २०२४च्या पॅरिसपर्यंत महिलांचं सांघिक सुवर्ण दुसऱ्या कुठल्याही देशाला मिळालेलं नाही. पण त्या स्पर्धांत दिसणारं धनुष्य, साइट लावलेलं आणि पुढं तोल सांभाळणारे दांडे असलेलं, जगभर सारखंच असतं. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनला जगज्जेते झाले ते कंपाउंड धनुष्यावर. तो प्रकार आणखी निराळा. मी आज बोलणार आहे ते तिसऱ्याच धनुष्याबद्दल. दोरी चढवल्यावर जेमतेम चार फूट उंच, साइट नाही, बाण टेकवायला खाचसुद्धा नाही. कोरियातली साधी नोकरदार, निवृत्त माणसं गावाकडच्या आणि शहरातल्या मैदानांवर ते चालवतात. ते आपल्या आवाक्यातलं आहे, हे मला आज पटवून द्यायचं आहे.

आधी त्याचं मूळ रूप पाहू. त्याला ‘गाकगुंग’ म्हणतात, म्हणजे शिंगाचं धनुष्य. गाभा बांबूचा, मूठ ओकच्या लाकडाची, टोकं तुतीच्या लाकडाची. तिरंदाजाच्या बाजूला म्हशीचं शिंग, समोरच्या बाजूला बैलाच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सगळं माशाच्या वायुपिशवीपासून केलेल्या सरसानं जोडलेलं. शिंग दाब सहन करतं, तंतू ताण सहन करतात, म्हणून एवढ्याशा लांबीत एवढी ताकद मावते. दोरी उतरवली की ते उलट्या दिशेनं गोल वळतं, टोकं जवळजवळ एकमेकांना भेटतात. ज्या जनावराचं शिंग हवं ते कोरियात नव्हतं, शिंग दक्षिणेकडच्या देशांतून यायचं. धनुष्याला इतकं महत्त्व होतं की जोसन राजवटीत सैन्याच्या परीक्षेत धनुर्विद्या केंद्रस्थानी होती. १८९४च्या सुधारणांत ती परीक्षाच गेली आणि धनुष्याचा लष्करी आधार संपला. पाच वर्षांनी, १८९९ साली, सम्राट गोजोंगनं सोलमधल्या राजवाड्याच्या आवारात ‘ह्वांगहाकजोंग’ हे मैदान उभारलं. १९२२ साली ते साजिक-दोंगला हलवलं गेलं, तिथं आजही बाण सुटतात. २०२० साली कोरियानं धनुर्विद्येला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला.

शिंगाच्या धनुष्याची अडचण ओलाव्याची आहे. सरस ओलावा पितो आणि धनुष्य मऊ पडतं. म्हणून ते न वापरताना कोरड्या, उबदार कपाटात ठेवावं लागतं आणि प्रत्येक वेळी दोरी चढवताना शेकून, हातानं आकार देऊन सरळ करावं लागतं. कोरियातही आपल्यासारखाच पावसाळा असतो. आपल्या कोकणात जुलै महिन्यात त्याचं काय होईल, हे मी वेगळं सांगायला नको. किंमतही मोठी, कारण एक धनुष्य घडायला महिनोन्‌महिने लागतात आणि ते करणारे कारागीर मोजके आहेत.

यावर कोरियन लोकांनीच तोड काढली. १९७०च्या दशकापासून त्याच आकाराचं, पण लाकडाला फायबरग्लासची पट्टी चिकटवून केलेलं धनुष्य निघालं. पुढं कार्बनही आलं. त्याला ‘गेर्यांगगुंग’ म्हणतात, सुधारित धनुष्य. शिंगाच्या धनुष्याच्या मानानं ते अगदी थोडक्या पैशांत मिळतं. काही जाणकार याला नक्कल म्हणून नाकं मुरडतात. मला ते मान्य नाही, आणि माझ्या बाजूनं खुद्द कोरियातली व्यवस्था बोलते. तिथल्या संघटनेच्या श्रेणी पहिल्या ‘दान’पासून नवव्यापर्यंत आहेत. चौथ्यापर्यंतची परीक्षा सुधारित धनुष्यावर देता येते. पाचव्यापासून मात्र शिंगाचं धनुष्य आणि बांबूचे बाण लागतात. म्हणजे शिकण्याचा सगळा काळ फायबरग्लासवर काढायला परंपरेचीच परवानगी आहे. मग आपण उगाच लाजायचं कशाला?

आता निवडीकडे येतो. इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण नवखी माणसं नेमकी इथंच फसतात. धनुष्यावर पौंडांत एक आकडा लिहिलेला असतो. तो सांगतो, अमुक इंच ओढलं असता हाताला किती भार येतो. कोरियन पुरुष तिरंदाज सर्रास ४५ पौंडांच्या आसपासचं धनुष्य वापरतात, म्हणजे सुमारे वीस किलो. आकडा ऐकून वाटतं, वीस किलोची पिशवी तर आपण बाजारातून आणतो. पण हा भार दोन्ही खांद्यांच्या मागच्या लहान स्नायूंवर, हात पसरलेले असताना येतो, आणि तो स्थिर धरून लक्ष्याकडे बघायचं असतं. शिवाय कोरियन ओढ लांब असते. ऑलिंपिकमधला तिरंदाज हनुवटीपाशी थांबतो; इथं बाण उजव्या गालावरून कानामागं, खांद्याच्या रेषेपर्यंत जातो. ही ओढ ३१-३२ इंचांपर्यंत पोचते. छापलेला भार कमी ओढीवर मोजलेला असेल, तर तुमच्या हातातला भार त्याहून जास्त ठरतो. म्हणून विकत घेताना विचारा, हा आकडा किती इंचांवरचा? आणि हे धनुष्य जास्तीत जास्त किती ओढायला दिलंय?

माझं मत स्पष्ट आहे. धडधाकट तरुणानंसुद्धा ३० पौंडांनी सुरुवात करावी, बाकीच्यांनी त्याहून हलक्या धनुष्यानं. जड धनुष्य पेलत नाही म्हणून माणूस ओढ अपुरी ठेवतो, खांदा वर काढतो, घाईनं सोडतो, आणि या तीन सवयी मग वर्षानुवर्षं सुटत नाहीत. हलकं धनुष्य लांब मारत नाही, ही तक्रारही पहिल्या वर्षी गैरलागू आहे. तेव्हा लांब मारायचंच नसतं. कोरियात नवशिक्याला आधी दोरीनं खांबाला बांधलेला बाण सोडायला लावतात. बाण थोडा उडतो आणि परत येतो. लक्ष्याचा मोह नाही, नुसती ओढ आणि सोड. आपण घरी गवताच्या किंवा पोत्यांच्या जाड भिंतीसमोर चार-पाच पावलांवरून तेच साधू शकतो.

जुनं धनुष्य मिळत असेल तर जरूर घ्या, पण दोरी उतरवून एका टोकाकडून पाहा: दोन्ही पाती एका रेषेत आहेत का, की एक पीळ घेतंय? पात्यांवरून कापसाचा बोळा फिरवा. फायबरग्लासची कुसळं निघाली असतील तर कापूस अडकतो. दोरी बसते त्या टोकांच्या खाचांजवळ चिरा पाहा. नवं असो वा जुनं, विदर्भात मे महिन्यात ते बंद गाडीत ठेवू नका. सरस आता माशाचा नसला तरी त्या उष्णतेत चिकटवलेल्या पट्ट्या सुटू शकतात.

पैसा वाचला तो बाणांवर घाला. लांब ओढीला लांब बाण लागतात. आखूड बाण ओढताना मुठीच्या मागं आला तर सरळ हातात घुसेल. बाण फार हलका असेल तर धनुष्याची शक्ती बाणात न जाता पात्यांतच परतते. रिकामी दोरी सोडणं हे त्याचंच टोक, त्यानं धनुष्य मोडू शकतं. कोरियात बाणाचं वजन ‘दोन’ नावाच्या मापात सांगतात. एक ‘दोन’ म्हणजे ३.७५ ग्रॅम. सात ‘दोन’ वजनाचा बाण सव्वीस ग्रॅमच्या थोडा वर जातो. कार्बनचा बाण प्रत्येक वेळी सोडण्याआधी किंचित वाकवून, कान लावून तपासा. तडा गेलेला बाण सुटताना फुटतो आणि त्याच्या काड्या हातात शिरतात.

दोरी ओढायची ती अंगठ्यानं. अंगठा दोरीत अडकवायचा, तर्जनीनं त्याला कुलूप घालायचं आणि अंगठ्यावर शिंगाची, लाकडाची किंवा प्लॅस्टिकची अंगठी चढवायची. ही पद्धत आशियाभर होती. शहाजहानची जेडची तिरंदाजी अंगठी आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. आपल्याला एकलव्याची आठवण येणं साहजिकच आहे: या पद्धतीत अंगठा गेला की धनुर्धर संपला. अंगठी मात्र परवडते म्हणून कुठलीही घेऊ नका. सैल असली तर उडते, घट्ट असली तर सांधा सुजतो. दोन-तीन मापं घालून पाहण्यात गेलेला पैसा वाया जात नाही. उजव्या हातानं ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला, मूठ धरलेल्या हाताच्या अंगठ्यावर टेकतो. तो पडू नये म्हणून ओढणारा हात किंचित आत पिळलेला ठेवावा लागतो. पिसांच्या मुळाशी दोरा गुंडाळलेला हवा, नाहीतर जाताना बाण अंगठा कापतो.

उभं राहताना पाय एका ओळीत नकोत आणि काटकोनातही नकोत. वजन पोटाखाली, छाती सैल. मूठ खालच्या तीन बोटांनी धरायची. तर्जनी आणि अंगठा मोकळे. मग दोन्ही हात डोक्याच्या उंचीवर. तिथले गुरू सांगतात, पाण्याची घागर डोक्यावर घेताना हात जसे उचलता, तसे. तिथून पुढचा हात ढकलत आणि मागचा ओढत दोन्ही एकत्र खाली येतात. केवळ मागचा हात ओढला की बाण डावी-उजवीकडे पळतो. सोडल्यावर मागचा हात जागच्या जागी न थांबता मागं पसरतो.

हे सगळं जमल्यावर पल्ला वाढवायचा. कोरियन मैदानात लक्ष्य १४५ मीटरवर असतं. ऑलिंपिकचं ७० मीटरवर. दोन मीटर रुंद, पावणेतीन मीटरच्या आसपास उंच लाकडी फळी, मागं पंधरा अंशांत कललेली. तिच्यावर गुणांची वर्तुळं नाहीत. बाण फळीला कुठंही लागला की लागला, आणि लाकडावरचा तो ठोका इतक्या दुरून ऐकू येतो. एका वेळी पाच बाण, असे तीन फेरे. मला या मोजणीत फार मोठं औदार्य दिसतं. नवव्या दानाचा म्हातारा आणि कालचा विद्यार्थी एका ओळीत उभे राहतात आणि दोघांची मोजणी एकच.

आपल्याकडे एवढं मोकळं, मागं सुरक्षित उतार असलेलं मैदान मिळणं सोपं नाही. मिळेपर्यंत तीस मीटरवर समाधान माना. बाण आकाशाकडे कधीच सोडू नका, सार्वजनिक बागेत तर नाहीच.

हे इथं टेबलावर ठेवलेलं धनुष्य ३० पौंडांचं आहे. ज्यांना ओढून बघायचंय त्यांनी रांगेनं यावं. कानापर्यंत ओढा, क्षणभर धरा, आणि दोरी तशीच हळूहळू पुढं आणून ठेवा.