लॉर्ड हेन्री स्वतः काहीच करत नाही

मोहाबद्दल, तारुण्याबद्दल ऑस्कर वाइल्डची चटपटीत वाक्यं तुम्ही कधीतरी स्टेटसला टाकली असतील. त्यातली बरीच ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’मधल्या लॉर्ड हेन्री वॉटनच्या तोंडची आहेत. ती ज्याने मनावर घेतली त्या पोराचं काय झालं, हे स्टेटसमध्ये मावत नाही.

कादंबरी १८९० साली मासिकात आली, १८९१ मध्ये वाढवून पुस्तक झालं. सव्वाशे वर्षं उलटलीत, त्यामुळे स्पॉयलरची तक्रार नको! हेन्री म्हणजे लंडनचा उमराव. पैसा, निवांतपणा आणि बोलायला एकदम भारी. बेसिल नावाच्या चित्रकाराच्या स्टुडिओत त्याला विशीतला देखणा डोरियन भेटतो. हे रूप टिकणार नाही, तोवर भोगून घे, असं तो त्याच्या डोक्यात भरवतो. डोरियन घाबरून बोलून जातो: मी असाच राहावं, म्हातारं माझ्या चित्राने व्हावं. आणि तसंच होतं.

मला सगळ्यात जड जातो तो सिबिल वेनचा भाग. सिबिल गरीब नटी. डोरियन तिच्याशी लग्न ठरवतो, पण एका रात्री तिचा अभिनय फसतो आणि हा तिला तोडून टाकतो. घरी येऊन बघतो तर चित्रातल्या ओठांवर क्रूरपणा उतरलेला. तो हादरतो. तिला माफीचं पत्र लिहितो. म्हणजे पोरगं अजून हाताबाहेर गेलेलं नसतं! तेवढ्यात हेन्री बातमी घेऊन येतो, सिबिलने रात्रीच जीव दिला. आणि धीर देता देता तो डोरियनला पटवतो, की ही तर नाटकातल्यासारखी सुंदर शोकांतिका आहे. त्याच रात्री दोघं हेन्रीच्या बहिणीच्या बॉक्समध्ये बसून ऑपेरा ऐकतात.

हेन्रीला डोरियनचं वाईट करायचं नसतं. काय होतं ते फक्त बघायचं असतं. आमच्या भाषेत, दुसऱ्याच्या लाइव्ह सर्व्हरवर टेस्टिंग. स्वतः तो जेवणावळी आणि गप्पांपलीकडे जात नाही.

पुढे डोरियन बेसिलचा खून करतो. शेवटाकडे हेन्रीला विचारतो, मीच त्याला मारलं असं सांगितलं तर? हेन्री हसण्यावारी नेतो, हे तुझ्याच्याने व्हायचं नाही. डोरियन म्हणतो, तू दिलेल्या त्या पिवळ्या पुस्तकाने माझ्यात विष कालवलं, ते परत कुणाला देऊ नकोस. हेन्रीचं म्हणणं, पुस्तकाने कुणी बिघडत नसतं. आणि उद्या ११ वाजता घोड्यावरून फिरायला जाऊ, ये म्हणतो.