जाहिरातीचा ढोल आणि दुकानाचा गल्ला

दुकान उघडलें म्हणजे पाटी लावावी लागते. पाटीवांचून गिऱ्हाईक येत नाहीं आणि गिऱ्हाइकावांचून गल्ला भरत नाहीं. परंतु पाटीचाच खर्च विक्रीच्या अनेक पटींनीं वाढला, तर त्या व्यवहाराला काय म्हणावें? ‘चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण मराठी घरांत सर्वांच्या परिचयाची आहे. ती किती खरी ठरूं शकते, हें अमेरिकेंत १९९९ व २००० या दोन वर्षांत दिसून आलें.

सॅन फ्रान्सिस्को येथील ‘पेट्स डॉट कॉम’ ही कंपनी कुत्र्यामांजरांचें खाद्य इंटरनेटवरून विकून घरपोंच करीत असे. १९९९ च्या फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत तिची विक्री सुमारें ६ लाख १९ हजार डॉलरांची झाली. जाहिरातीवर मात्र सुमारें १ कोटि १८ लाख डॉलर खर्च झाले. म्हणजे एका डॉलरच्या विक्रीमागें एकोणीस डॉलरांचा ढोल! शिवाय विक्रीहि आंतबट्ट्याचीच होती. माल ज्या भावानें पडे, त्याहून पुष्कळ कमी भावानें तो विकला जाई. खाद्याचीं पोतीं जड, त्यांवरील नफा मुळांतच थोडा आणि पाठवणावळ भारी. अशा स्थितींत गिऱ्हाईक वाढलें कीं तोटाहि वाढे.

मग शहाण्या माणसांनीं हा मार्ग कां पत्करला? याच मालाच्या तीनचार कंपन्या एकाच वेळीं मैदानांत उतरल्या होत्या. जो प्रथम लोकांच्या तोंडीं बसेल त्याचीच पुढें सर्व बाजारपेठ होईल, अशी तेव्हां सार्वत्रिक समजूत होती. भांडवल सहज मिळत होतें. त्यामुळें काटकसर हा भित्रेपणा वाटूं लागला.

पायमोज्याचें एक बोलकें कुत्रें हें या कंपनीचें चिन्ह होतें. ३० जानेवारी २००० रोजीं फुटबॉलच्या प्रसिद्ध ‘सुपर बोल’ सामन्याच्या वेळीं दूरचित्रवाणीवर त्याची जाहिरात झळकली. तिच्या प्रक्षेपणासाठीं सुमारें १२ लाख डॉलर मोजले गेले. तें कुत्रें मुलांबाळांना अतिशय आवडलें. पुढच्याच महिन्यांत कंपनीनें आपले शेअर ११ डॉलरांस एक या दरानें विकून सुमारें सव्वाआठ कोटि डॉलर उभे केले. नोव्हेंबर २००० मध्यें तिनें दुकान बंद केल्याचें जाहीर केलें, तेव्हां त्या शेअरला २० सेंटहि मिळत नव्हते. लोकांना कुत्रें हवें होतें. त्या दुकानांतून खऱ्या किंमतीला खाद्य नको होतें.

आरंभींचा प्रत्येक तोटा मूर्खपणाचा असतो, असें मात्र नाहीं. १९९४ सालीं स्थापन झालेल्या ‘ॲमेझॉन’ कंपनीला तिमाहीचा पहिला नफा २००१ च्या अखेरीस झाला. परंतु तिला पुस्तक ज्या किंमतीस पडे, त्याहून अधिक किंमतीस तें विकलें जाई. तोटा होता तो वखारी व विस्तार यांच्या खर्चामुळें. विक्री वाढली तसा तो खर्च भरून येऊं शकला. एकानें बीं पेरलें, दुसऱ्यानें तें भाजून खाल्लें. दोघांचीहि कोठी काहीं काळ सारखीच रिकामी दिसली.

हा भेद ओळखणें आज येथील घरांनाहि अगत्याचें आहे. २०२१ सालीं, अद्याप नफ्यांत न आलेल्या भारतीय इंटरनेट-कंपन्यांचे शेअर मुंबईच्या बाजारांत आले आणि मध्यमवर्गीयांची बचतहि त्यांत गेली. स्वस्त माल घेणाऱ्या गृहिणीचें त्यांत कांहींच बिघडत नाहीं. सवलत संपतांच तिला दुसरें दुकान धरतां येतें. शेअर घेणाऱ्याला मात्र तसें सहज सुटतां येत नाहीं, कारण ती सवलत बहुधा त्याच्याच पैशांतून दिलेली असते. म्हणून त्यानें पैसे देण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: ढोल थांबल्यावर आणि सवलत संपल्यावर या दुकानांत किती गिऱ्हाइकें येतील? याचें उत्तर जाहिरातींत मिळत नाहीं. तें हिशेबाच्या वहींत शोधावें लागतें.