जामीनदार कोण?



तुरुंगात ‘रजा’ हा शब्द फार जपून उच्चारला जातो. संचित रजा म्हणजे फर्लो, अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. महाराष्ट्रात १९५९च्या नियमांनी त्यांची चौकट घातली. पण वागणूक कितीही चांगली असो, एक प्रश्न उरतोच: जामीनदार कोण? पोलीस गावी चौकशीला जातात. “येऊ दे की, घर त्याचंच हाय,” असं म्हणणारी म्हातारी आई भेटली तर बरं. भावानं “आम्हाला नका पाडू यात” म्हणून मान फिरवली, की अर्ज अडलाच समजा. भावाला दोष देववत नाही. जामीनकीत पैसा अडकतो, बहिणीचं लग्न जमवायचं असतं, पारावर लोक बोलतात ते वेगळंच.

१९५८च्या परिवीक्षा कायद्यातही जामीनदार लागू शकतो. न्यायालय तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडतं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. मात्र दोषी ठरलेल्याचा नाहीतर जामीनदाराचा राहायचा पक्का ठिकाणा किंवा नेमका कामधंदा हवा. परिवीक्षा अधिकारी अधूनमधून येणार. रोजच्या संध्याकाळी घरच्यांनाच काढायच्या.

घरच्यांची सोबत लागते, हे औंध संस्थानाला फार आधी उमगलं होतं. १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत निघाली. तिथं कैद्यानं बायकामुलांसह राहायचं, शेती करायची. व्ही. शांतारामांना ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा मिळाली ती तिथूनच.

आपण मात्र जामीनदाराला नि घरच्यांना पहारेकरी करून टाकतो. एका घरी गेलो होतो. मुलगा रजेवर आलेला. आई भाकरी वाढता वाढता सारखी घड्याळाकडे बघत होती. पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची होती. “उशीर केलास तर मलाच बोलवतील,” हे तिनं तिसऱ्यांदा सांगितलं, तसा त्याचा घास हातातच राहिला. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. शाळेतला दोस्त. “चल, सही ठोकून येऊ, मग चहा मारू.” विचारपूस नाही, उपदेश नाही. पुनर्वसन हा शब्द त्या पठ्ठ्यानं बहुधा ऐकलाही नसेल. मुलानं चपला सरकवल्या नि मागं बसला. आईनं ताटावर ताट झाकलं.

रजा संपली त्या दिवशी तुरुंगाच्या दारापर्यंत सोडायलाही तो दोस्तच गेला. जामीनदार म्हणून सही होती चुलत्याची.