नकाशातली रेघ आणि आपलं शेत
(पाड्यावरच्या बैठकीत केलेले भाषण)



आज आपण हा नकाशा समजून घ्यायला बसलो आहोत. कागद भारतीय सर्वेक्षण विभागाचा. हे खातं १७६७ सालचं, इंग्रजांच्या कंपनीनं काढलेलं. आपल्या अक्राणीच्या कित्येक पाड्यांना रस्ता नाही, तरी डोंगर कागदावर आहे. शिखरांवर दुर्बीण लावून कोन मोजले, पुढे विमानातून फोटो काढले, त्यावरून रेघा ओढल्या.

या तपकिरी वाकड्या रेघा बघा. एका रेघेवरची सगळी जागा समुद्रापासून सारख्या उंचीची. रेघा दाट तिथं चढ खडा; विरळ तिथं सपाटी, म्हणजे आपली चांगली जमीन.

आता नीट ऐका. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात सरदार सरोवराची पातळी ४५५ फूट ठरली, म्हणजे १३८.६८ मीटर. या नकाशात रेघा वीस-वीस मीटरवर आहेत. १२० ची आहे, १४० ची आहे. १३८.६८ ची छापलेलीच नाही. ती कोणीतरी टेबलावर बसून अंदाजानं ओढणार. इथला एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली तरी तिच्याखाली २५ मीटरचा पट्टा जातो. तेवढ्यात एखाद्याचं घर, खळं, महूचं झाड बसतं. रेघेच्या आत तो बुडीतग्रस्त, बाहेर राहिला तर कोणीच नाही! शिवाय पूर आला की पाणी वरच्या अंगाला आणखी चढतं. ते या रेघेत धरलेलं नसतं.

कुणाचं शेत कुठं संपतं, महू कोण वेचतो, गुरं कुठं चरतात, हेही या कागदावर नाही. ते आपल्यालाच माहीत.

म्हणून आपलं म्हणणं सरळ आहे. रेघ कागदावर दाखवू नका, जमिनीवर दाखवा. लेव्हल मशीन घेऊन पाड्यावर या. सगळ्या गावासमोर मोजा, दगड रोवा, प्रत्येक दगडाची उंची लिहून द्या. वाचून, समजून सांगितल्याशिवाय आम्ही अंगठा देणार नाही.

आणि एक काम आपलंही. प्रत्येक पाड्यानं म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन शिवार फिरायचं. नाले, शेतं, झाडं, देवाची जागा, सगळं आपल्या नावांनी कागदावर उतरवायचं. मोजणीवाले येतील तेव्हा आपला नकाशा त्यांच्या नकाशाशेजारी ठेवू. फरक पडला, तर दोघं मिळून जागेवर जाऊन बघू.

जिंदाबाद!