काळी माती, खारे पाणी आणि पाणी धरणारी भुकटी

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या विषयावर बोलण्यास कार्यकारी मंडळाने आमचीच निवड का केली, हे कोडे आम्हांस अद्याप उलगडलेले नाही. आम्ही कृषिपदवीधर नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली, दर्यापूर तालुक्यातील खेड्यांतून मुलांस पाढे आणि त्रैराशिक शिकविले आणि निवृत्त झालो, एवढीच काय ती आमची विद्या. परंतु यंदा मंडळापुढे जो प्रस्ताव आहे तो त्रैराशिकाचाच आहे, असे आमच्या ध्यानी आले, म्हणून नाही म्हणवेना.

प्रस्ताव आपणां सर्वांस विदित आहे. बाजारात ‘हायड्रोजेल’ या नावाची एक भुकटी मिळते. ती जमिनीत घातली असता पाणी धरून ठेवते आणि पावसाने ताण दिला तरी पीक तगते, असे सांगितले जाते. संघाच्या शिलकीतून ती घाऊक घ्यावी व कोरडवाहू शेती असलेल्या आपल्या कुटुंबांस मूळ दराने वाटावी, अशी काही तरुण मंडळींची सूचना आहे. हेतू उत्तम आहे. परंतु ही शिल्लक मुलींच्या वसतिगृहासाठी गेली कित्येक वर्षे पै पै करून साठविलेली आहे, आणि देणाऱ्यांत भूमिहीन कुटुंबेही आहेत. तेव्हा निकाल करण्यापूर्वी ही वस्तू काय आहे ते नीट पाहणे अगत्याचे ठरते.

ही भुकटी दिसावयास जाड्या साखरेसारखी. तिच्या पोटात लांबच लांब रेणूंच्या साखळ्या असून त्या जागोजाग एकमेकींस जोडलेल्या असतात. एखादे जाळे विणावे तशा. पाणी लागताच हे जाळे फुगते व पाणी आपल्या घरात घेऊन बसते. जाळे तुटत नाही, म्हणून ते विरघळतही नाही. भोवतालची माती सुकू लागली की मुळे ते पाणी ओढून घेतात, पुन्हा पाऊस आला की जाळे पुन्हा भरते. आपल्या नातवंडांस जे लंगोट बांधतात, त्यांत हीच जात असते. फरक इतकाच की ती खनिज तेलापासून केलेली असते व जमिनीत वर्षानुवर्षे कुजत नाही.

शेतीसाठी कुजणारी वस्तू पाहिजे, हा विचार तसा जुना आहे. अमेरिकेत पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या दशकात मक्याच्या स्टार्चपासून असा पदार्थ तयार झाला होता. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा हायड्रोजेल’ काढले. त्याचा पाया सेल्युलोज, म्हणजे झाडापाल्याच्या अंगी असणाराच पदार्थ. मात्र त्यावर कृत्रिम द्रव्याचे कलम केलेले असल्याने त्यास निमनैसर्गिक म्हणणे रास्त. शुद्ध पाण्यात ते आपल्या वजनाच्या किमान साडेतीनशे पट पाणी घेते. चाळीस-पन्नास अंश उष्णतेतही ते काम देते, ही गोष्ट अकोल्याच्या माणसास सांगावी लागणार नाही. मात्रा हेक्टरी अडीच ते पाच किलो, म्हणजे आपल्या हिशेबाने एकरी एक ते दोन किलो. भाव किलोला हजार रुपयांच्या पुढे. एक हंगाम, फार तर वर्षभर काम देऊन ते हळूहळू विघटित होते.

आता साडेतीनशे पट हा आकडा ऐकला की माणसाचे भान हरपते. आमच्या पुतण्याचे तेच झाले. दुबार पेरणीने पोळलेला मनुष्य. दुकानदाराने सांगितले, त्याने ऐकले. दोन एकरांपुरती भुकटी आणली आणि खत फेकावे तशी वावरात फेकून वखर फिरविला. उरलेली सरकीबरोबर तिफणीच्या चाड्यात टाकली. सकाळची वेळ, रात्रीचा शिडकावा, हात ओले. चाड्यात खळ तयार झाली आणि नळ्या बसल्या. पुढे जुलैत पावसाने मोठा खंड दिला, तेव्हा त्याची पऱ्हाटी आणि शेजाऱ्याची पऱ्हाटी सारखीच माना टाकून उभी होती. तो आमच्याकडे येऊन म्हणाला, “काका, फसलो.” आम्ही म्हटले, “अरे, वस्तूने फसविले की हिशेबाने, ते पाहू.” आणि पाटी काढली.

आपणही मनात मांडावे. एकरी एक किलो भुकटी, साडेतीनशे पट पाणी, म्हणजे साडेतीनशे लिटर. ऐकावयास पुष्कळ वाटते. परंतु एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी झाले? चार हजार लिटरांच्या वर! म्हणजे किलोभर भुकटी काठोकाठ भरली तरी ती एक मिलिमीटर पावसाचा दहावा हिस्सादेखील धरीत नाही. वैशाखात आपल्याकडे उघड्या टाकीतले पाणी दिवसाला दहा मिलिमीटरांहून अधिक उडून जाते. तेव्हा सबंध वावरात पसरलेल्या भुकटीने वावर ओले राहील, ही कल्पनाच चुकीची आहे. पुतण्याने पैसे मातीत घातले ते याच अर्थाने.

मात्र पाटी येथेच पुसू नये. तीच भुकटी फेकून न देता तीन फूट बाय दोन फुटांवर टोकण करताना सरकीच्या पोटाशी दिली तर काय होते? एकरी सात हजारांच्या वर झाडे बसतात. प्रत्येकाच्या वाट्यास भुकटी चिमटीच्याही आत, पण पाणी सुमारे अठ्ठेचाळीस मिलिलिटर, टपरीवरच्या अर्ध्या कप चहाइतके. जमिनीत मातीचा दाब व क्षार यांमुळे प्रत्यक्षात याहून बरेच कमी भरेल. कंबरेइतक्या पऱ्हाटीला ते कोणीकडच्या कोणीकडे. परंतु नुकत्या मोड आलेल्या बीजास तेवढ्यात चार दिवस निघतात. मृगाचा पाऊस होऊन आर्द्रा कोरड्या गेल्या असता दुबार पेरणीचे संकट या चार दिवसांवरच उभे असते, हे आपणांस ठाऊक आहे. बियाण्याची पिशवी, मजुरी आणि गेलेला हंगाम यांच्या पुढे मग किलोचा खर्च जड वाटत नाही. मिरची-टोमॅटोच्या रोपांची मुळे भुकटीच्या पातळ खळीत बुडवून लावणे, हाही असाच विवेकाचा उपयोग. कोरड्या मातीत कालवून, कोरड्या हाताने, मुळाशी द्यावयाची. उन्हात वर पडू द्यावयाची नाही.

दुसरी गोष्ट मातीची. आपली काळी जमीन ही स्वतःच एक फुगणारे जाळे आहे. तिच्यातील चिकणमाती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, चैत्रात बैलाचा खूर अडकेल अशा भेगा पडतात. पाणी धरणे हा तिचा अंगचा गुण. तिला आणखी धरावयास शिकविण्यात फायदा थोडा. तिचे दुखणे निराळे आहे. पडलेले पाणी मुरावे कसे, आणि मुरलेले भेगांतून उडू नये कसे. त्यासाठी रुंद वरंबा व सरी, धुऱ्याची बांधबंदिस्ती, सोयाबीनचे कुटार वा पालापाचोळा यांचे आच्छादन आणि वेळेवर डवरणी. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने लोक म्हणत. डवऱ्याने वरची माती मोकळी झाली की भेगा बुजतात, हे त्याचे कारण. याला दुकानात जावे लागत नाही. याच्या उलट पातूर-बार्शीटाकळीकडील चढउताराच्या बरड जमिनी, मेळघाटाच्या पायथ्याची मुरमाड वावरे. तेथे पाणी ठरतच नाही. या भुकटीचे खरे घर तेथे आहे.

तिसरी गोष्ट आम्हांस अत्यंत जिव्हाळ्याची, कारण आमची सारी नोकरी खारपाणपट्ट्यात गेली. पूर्णेच्या दोन्ही अंगांस अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून पसरलेल्या या पट्ट्यात विहीर खोदली तर खारे पाणी लागते. वर्गातील मुले घरून पाण्याची बाटली आणीत, आणि कोणाचे पाणी गोड यावरून त्यांची भांडणे होत. याच पट्ट्यात पुष्कळ ज्ञातिबांधवांची शेती आहे. आम्ही घरी दोन पेले मांडले. एकात पत्र्यावरून धरलेले पावसाचे पाणी, दुसऱ्यात गावच्या बोअरचे. दोहोंत सारखीच भुकटी. सकाळी पावसाचा पेला तोंडापर्यंत पारदर्शक चकत्यांनी भरला होता. खाऱ्या पेल्यात तळाशी थोडीशी खळ आणि वर पाणी तसेच. मग भरलेल्या पेल्यात नातवाने मिठाची चिमूट टाकली, तर आमच्या देखत ते फुगलेले जाळे आकसू लागले व पाणी सोडू लागले. कारण असे की, जाळ्याच्या आतील क्षार बाहेरच्या पाण्यास ओढतो म्हणून ते फुगते. बाहेरच क्षार झाला की ओढ संपते. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे जड पाणी असेल तर ते साखळ्यांस आणखी आवळून टाकते. तेव्हा साडेतीनशे पट हा आकडा पावसाच्या पाण्याचा आहे, आमच्या बोअरचा नव्हे. खारपाणपट्ट्यात ही भुकटी वापरावयाचीच असेल तर शेततळ्यात साठविलेल्या पावसाच्या पाण्यावर वापरावी. ज्याच्याजवळ शेततळे नाही त्याने आधी शेततळ्याचा विचार करावा, भुकटीचा मागाहून.

वरूड-मोर्शीची मंडळी समोर बसली आहेत, त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे. २०१९ च्या उन्हाळ्यात तिकडे संत्र्याच्या बागा उभ्या वाळल्या, आमच्या व्याह्यांनी पंचवीस वर्षांची झाडे कुऱ्हाडीने तोडली, ते दृश्य आम्ही पाहिले आहे. भुकटी असती तर त्या बागा वाचल्या असत्या काय? आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, नाही. वाढलेल्या संत्र्याच्या झाडास मे महिन्यात दिवसाला शंभर लिटरांच्या पुढे पाणी लागते, आणि भूजल शेकडो फूट खाली गेले ते बेसुमार उपशाने. शिवाय बहार धरावयाचा तर झाडास ताण द्यावाच लागतो. मुळाशी पाणी धरून बसणारी वस्तू तेथे आडवीच यावयाची. नवीन कलमाची गोष्ट वेगळी. खड्ड्यातील मातीत पन्नास ग्रॅम भुकटी मिसळली तर कागदावर साडेसतरा लिटर पाणी होते. निम्मे सोडून दिले तरी लहान कलमास दोन पाण्यांतील अंतर वाढविता येते. आमचे वडील कलमाशेजारी पाझरणारे मडके पुरीत, त्याचाच हा धाकटा भाऊ.

संत्र्यावरून आठवले. राजस्थानातील शेतकरी कुटुंबातले एक तरुण, श्री. नारायण लाल गुर्जर, यांनी फळांच्या सालींपासून, त्यांतही संत्र्या-केळ्यांच्या सालींपासून, पूर्णपणे कुजणारी अशीच भुकटी तयार केली आणि जपानातील ओकिनावा बेटावर तिचा उद्योग उभारला. सालीत पेक्टिन असते, मुरंब्यास घट्टपणा आणणारे तेच. हे वाचले त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. संत्रा आमचा, आणि साल कामी लावली ओकिनावाने! मग विचार केला की आपले संत्रे सालीसकट परगावी जाते, साल तेथील केरात पडते. रसाचे कारखाने असतील तेथेच सालीचे ढीग साचतात. तथापि फळगळीचा सडा तर आपल्याच बागेत पडतो, आणि बांगलादेशाने आयातशुल्क वाढविल्यापासून न उठलेल्या मालाचे ढीगही आपणच पाहतो. या गळक्या फळांपासून असे काही होईल किंवा कसे, हा प्रश्न अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठास आपल्या संघाने लेखी विचारावा, असे आम्ही सुचवितो. ज्यांच्या नावे ते विद्यापीठ आहे ते भाऊसाहेब आपल्याच अमरावती जिल्ह्यातील पापळचे. १९५२ ते १९६२ पर्यंत केंद्रीय कृषिमंत्री असताना शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न त्यांना कधी लहान वाटला नाही, असे वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकले आहे.

आता प्रस्तावाविषयी. सरसकट खरेदीस आमचा विरोध आहे आणि तो आम्ही येथे उघड नोंदवितो, तरुण मंडळींनी राग मानू नये. वसतिगृहाच्या निधीस हात न लावता, इच्छुकांच्या वर्गणीतून दहा-बारा किलो भुकटी आणावी. ती बरड जमिनीवाल्यांस, भाजीपाला करणाऱ्यांस आणि नवीन कलमे लावणाऱ्यांस द्यावी. घेणाऱ्याने एक अट पाळावी: एक ओळ भुकटीची, शेजारची ओळ बिनभुकटीची, अशी आलटून पालटून लावावी आणि उगवण मोजून वहीत लिहावी. सबंध वावरात घातली तर फरक कशाशी पाहणार? आमचा पुतण्या यंदा अर्ध्या एकरावर असे करण्यास तयार झाला आहे, मात्र चाड्यात घालणार नाही एवढे त्याने आधीच कबूल केले.

भोजनानंतर मागच्या ओवरीत आम्ही पेले, तराजू आणि थोडी भुकटी घेऊन बसणार आहोत. ज्यांनी सूचनेप्रमाणे आपापल्या विहिरीचे पाणी बाटलीतून आणले आहे त्यांनी बाटलीवर गावाचे नाव लिहून द्यावे. भुकटी फुगण्यास वेळ लागतो, तेव्हा जेवणाच्या पंक्तीस बसण्यापूर्वीच बाटल्या आमच्या स्वाधीन कराव्यात, ही विनंती.